ॲपल केक मधोमध कच्चा का राहतो आणि कस्टर्ड का फुटतं

आयर्लंडमधल्या लिमरिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, आयरिश ॲपल केक दोनदा केला. पहिल्यांदा मधोमध कच्चा राहिला. दुसऱ्यांदा सगळी सफरचंदं तळाशी जाऊन बसली आणि खाली नुसता लगदा. कस्टर्ड दोन्ही वेळा फुटलं. बटर आणि साखर बीटरने चांगली दहा मिनिटं फेटली होती, त्यात कसूर केली नाही. ओव्हन भाड्याच्या घरातला, जुना. पुढच्या शुक्रवारी हॅलोवीनसाठी ऑफिसात प्रत्येकाने काहीतरी करून न्यायचंय. टीममधल्या दोघी अंडं खात नाहीत. काय करू?"

ताई म्हणालीस म्हणून एकेरीवर येते. आधी तो बीटर कपाटात ठेव. तुझं दहा मिनिटांचं फेटणं हेच मूळ दुखणं आहे. ओव्हनची पाळी नंतर.

आपल्याला केक म्हटलं की स्पंज आठवतो. बेकरीतला, हलका, बोट दाबलं की वर येणारा. आयर्लंडमध्ये हा शब्द जरा ऐसपैस आहे. इथली म्हातारी माणसं सोडा ब्रेडच्या, म्हणजे यीस्टऐवजी खायच्या सोड्याने फुगवलेल्या पावाच्या, गोल लादीलासुद्धा 'केक'च म्हणतात. ॲपल केक त्या लादीच्या घरातला आहे, स्पंजच्या नाही. त्याचं पीठ सैल नसतं, स्कोनसारखं मऊ गोळ्याचं असतं. त्यात बटर फेटायचं नाही, चोळायचं. तू सैल, हवेने भरलेलं मिश्रण केलंस आणि त्यात पाण्याने भरलेली सफरचंदं टाकलीस. ती बुडणारच. आणि बुडाली की खालचं पीठ वाफेवर शिजत राहतं, भाजलं जात नाही. तुझ्या दोन वेगवेगळ्या तक्रारींचं मूळ हे एकच आहे.

हा केक असा का झाला, तेही सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. खेड्यातल्या जुन्या आयरिश घरात ओव्हन नसायचा. चुलाण्यावर आकड्याला टांगलेलं एक जड बिडाचं भांडं असायचं, तीन पायांचं, सपाट बुडाचं, झाकणाचं. त्याला बॅस्टिबल म्हणतात. खाली टर्फची आग, आणि झाकणावर त्याच टर्फचे निखारे. (टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखं कापून वाळवलेलं इंधन. अजूनही काही घरांच्या धुराड्यातून त्याचा वास येतो.) आपल्याकडे कोकणात धोंडस भाजताना झाकणावर निखारे ठेवत, अगदी तीच पद्धत. खेडोपाडी वीज न्यायचं काम इथे १९४६ साली सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं चाललं, त्यामुळे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या बायकांनी आपल्या आईला बॅस्टिबलमध्ये भाजताना पाहिलेलं आहे. निखाऱ्यांवर काही १८० अंश लावता येत नाही. स्पंज तिथे बसला असता. चोळलेलं घट्टसर पीठ मात्र थोडं कमी-जास्त सोसतं. तेव्हा जुन्या ओव्हनला फार बोल लावू नकोस.

मी कॉर्क परगण्यात राहते आणि गेली अकरा वर्षं शनिवारच्या बाजारात टेबल मांडून केक विकते. पहिल्या वर्षी मीही शहाणपणा केला होता. पहाटेची घाई नको म्हणून आदल्या रात्री सहा केकची सफरचंदं कापली, साखर आणि लवंग लावून पातेल्यात झाकून ठेवली. सकाळी बघते तर फोडी मरगळलेल्या आणि पातेल्यात दोन बोटं पाणी. कैरीला मीठ लावून ठेवल्यावर सुटतं तसं. पाणी ओतून दिलं असतं तरी चाललं असतं, पण चव जाईल म्हणून तेही केकमध्ये घातलं. बाजारात एका टोपीवाल्या आजोबांनी तुकडा घेतला, उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाले, "ग्रँड." मी खूश. आता इतक्या वर्षांनी कळतं की इथे 'ग्रँड' म्हणजे उत्तमपासून 'चालेल, काय करणार' पर्यंत काहीही असू शकतं. जाता जाता ते म्हणाले की त्यांची आई साखर अगदी शेवटी, झाकण घालण्याआधी भुरभुरायची. दोष दाखवायची ही इथली रीत. बाकीचे पाच केक मी घरी आणले.

म्हणून पहिला नियम: सफरचंद आणि साखर यांची भेट टिनमध्येच व्हायला हवी, त्याआधी नाही.

सफरचंद कुठलं घेतलंस ते तू लिहिलं नाहीस, पण लगदा झाला म्हणतेस त्यावरून नुसतं ब्रॅमली असणार. दुकानात 'कुकिंग ॲपल' म्हणून मोठी, हिरवी, बेढब फळं असतात ती. इथले लोक त्यांना 'कुकर्स' म्हणतात आणि नुसती खायच्या सफरचंदांना 'ईटर्स'. ब्रॅमली कच्चं चावून बघ, दात आंबतील. त्यात आम्ल भरपूर, आणि शिजलं की फोड फोड राहत नाही, फसफसून फेस होते. टार्टमध्ये हा गुण आहे, पण केकमध्ये निम्माच गुण. उत्तरेकडचा आर्मा परगणा या फळासाठी प्रसिद्ध आहे. 'आर्मा ब्रॅमली'ला २०१२ साली युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या रत्नागिरी-देवगडच्या हापूसला आहे तसं. मूळ झाड मात्र इंग्लंडमधलं. १८०९ च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बिया लावल्या, पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतलं, आणि फळाला नाव पडलं खाटकाचं. बी पेरणारीचं नाव कुणाच्या तोंडी नाही. असो.

मी दोन वाटे ब्रॅमली आणि एक वाटा ईटर्स घेते. ब्रॅमली विरघळून पिठात मुरतं आणि ईटरची फोड दाताखाली येते. सोलून, गाभा काढून मिळून ३५० ग्रॅम भरतील एवढी घे. मोठी ब्रॅमली असली तर एक किंवा दीड, आणि एक ईटर. फोडी अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ नकोत. कापून लगेच वापरायच्या आहेत, त्यामुळे काळ्या पडायची चिंता नको. पाण्यात तर मुळीच टाकून ठेवू नकोस.

आता पीठ. २० सेंटिमीटरचा, तळ निघणारा टिन घे, बटर लाव, तळाला कागद घाल. २२५ ग्रॅम मैदा, म्हणजे इथला क्रीम फ्लावर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळ. सेल्फ रेझिंग असेल तर बेकिंग पावडर नको. इथलं बटर बहुतेक खारंच असतं, ते वापरत असशील तर वरचं मीठही नको. ११० ग्रॅम बटर फ्रिजमधून थेट काढायचं आणि छोटे तुकडे करून पिठात टाकायचं.

पुढची पाच मिनिटं महत्त्वाची. शंकरपाळ्यांना मोहन घालून पीठ चोळतो, तसंच चोळायचं, फक्त तिथे मोहन कडकडीत असतं आणि इथे बटर गार. तळव्याने नाही, बोटांच्या टोकांनी. पीठ उचलायचं, अंगठ्याने बोटांवर घासत खाली सोडायचं. उंचावरून सोडलं की हवाही खेळते आणि पीठ गार राहतं. जाड रव्यासारखं दिसायला लागलं की थांब. मधेमधे वाटाण्याएवढे बटरचे खडे राहिले तर राहू देत, ते ओव्हनमध्ये वितळून पोकळ्या करतात. शंकरपाळ्याचं पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळायला हवा, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. इथे तसा मुटका वळायला लागला तर समज, हात गरम आहेत आणि बटर वितळतंय. भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ढकल.

मग ११० ग्रॅम बारीक साखर मिसळ. एक अंडं ६० मिलिलिटर दुधात फेटून मधोमध ओत आणि सुरीने, हो, जेवायच्या बोथट सुरीने, कापत कापत एकत्र कर. कोरडं वाटलं तर आणखी एक-दोन चमचे दूध. गोळा चिकटसर आणि ओबडधोबड दिसेल. पोळ्यांची सवय असलेल्या हाताला तो गुळगुळीत करायचा मोह होतो, मला अजून होतो. मळलंस की ग्लुटेन ताणलं जाणार आणि केक चामट होणार.

निम्म्याहून थोडं जास्त पीठ टिनमध्ये घालून ओल्या बोटांनी तळाला पसरव, कडेला किंचित उचलून. त्यावर फोडी. फोडींवर दोन मोठे चमचे साखर आणि दोन-तीन लवंगांची ताजी पूड. दालचिनी घालायला हरकत नाही, हल्ली सगळे घालतात, पण माझ्या आसपासच्या जुन्या घरांतला वास लवंगेचा. नारळीभातात लवंग जे काम करते तेच इथे करते, गोडाला जरा धाक दाखवते. आख्ख्या लवंगा टाकायचीही पद्धत आहे. ऑफिसात नेणार आहेस तर टाकू नकोस, कुणाच्या तरी दाताखाली येईल आणि तो दिवसभर तुझी आठवण काढेल. उरलेल्या पिठाचे लहान लहान गोळे तोडून वर ठेव, लाटून झाकण करायच्या भानगडीत पडू नकोस. मधून फोडी दिसत राहिल्या पाहिजेत, वाफ तिथूनच निघते. वर चमचाभर डेमेरारा, म्हणजे जाड दाण्याची तपकिरी साखर. वर ओट्सचा चुरा घालून केलेले प्रकारही खूप दिसतात. चवीला चांगले असतात, पण तो थर वाफ कोंडतो. आधी साधा जमू दे.

आता तुझा ओव्हन. रिकामा असताना एक स्वस्तातला ओव्हन थर्मामीटर आत टांगून बघ. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात डायल १८० म्हणायची आणि आत १५५ असायचं. पंखा नसेल तर १८०, पंखा असेल तर १६०. ओव्हन तापवताना एक रिकामा ट्रे आतच तापू दे आणि टिन त्या तापलेल्या ट्रेवर ठेव, म्हणजे तळाला पहिल्या मिनिटापासून आच लागते. लगद्यावर याच्याइतका उतारा दुसरा नाही. ४५ ते ५० मिनिटं लागतील. ३० मिनिटांनी वरून फार लाल वाटलं तर फॉइल सैलसर झाक. आणि झाला की नाही हे बघताना सुई सफरचंदात गेली तर ती ओलीच येणार, त्यावर जाऊ नकोस. पिठाच्या जाड भागात खुपस. चिकट पीठ लागलं तर अजून सात-आठ मिनिटं. थर्मामीटर असेल तर पिठाच्या गाभ्यात ९६ अंश दिसले की काढ. टिनमध्ये वीस मिनिटं निवू दे, मग बाहेर. गरम गरम कापलास तर तो नीट झालेला असूनही कच्चा वाटेल.

कस्टर्डकडे वळू. आपल्या घरांत कस्टर्ड म्हणजे फ्रिजमधलं गार, दाट, केळी-डाळिंबाचं फ्रूट कस्टर्ड. इथलं कस्टर्ड कोमट किंवा गरम असतं आणि केकवरून ओघळून बशीत तळं व्हावं इतपत पातळ. दाट करायच्या नादात तू ते जास्त वेळ आचेवर ठेवलंस, अशी मला शंका आहे. नुसत्या अंड्याचं कस्टर्ड ८० अंशांच्या आसपास दाट होतं आणि ८५ च्या पुढे गेलं की बलकाच्या गुठळ्या होऊन फुटतं. मधे जेमतेम पाच अंशांची फट. शुक्रवारच्या घाईत त्या फटीतून जायचं कशाला? कॉर्नफ्लॉवर घाल.

३०० मिलिलिटर पूर्ण सायीचं दूध आणि १५० क्रीम जाड बुडाच्या भांड्यात कडेला बुडबुडे येईपर्यंत तापव. तोवर दुसऱ्या भांड्यात चार बलक, ५० ग्रॅम साखर आणि दीड छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर घोट. बलक आणि साखर एकत्र करून तशीच ठेवून फोन घ्यायला जाऊ नकोस, साखर बलकातलं पाणी ओढते आणि न विरघळणारे पिवळे कण होतात. गरम दूध आधी थोडंसं, धार धरून, सतत ढवळत बलकात. मग सगळं परत भांड्यात आणि मंद आच. लाकडी चमच्याने आठचा आकडा काढत ढवळ, कडा सोडू नकोस. आधी वर फेस दिसेल, मग फेस विरेल आणि चमच्याला जडपणा लागेल. चमचा उचलून पाठीवर बोटाने रेघ ओढ, रेघ मिटली नाही की दाट झालं.

नुसतं अंड्याचं असतं तर मी इथेच 'उतरव' म्हटलं असतं. कॉर्नफ्लॉवर घातलं असेल तर मात्र मंद उकळीचे दोन-चार बुडबुडे येऊ दे आणि मिनिटभर ढवळत राहा. कच्च्या बलकात ॲमायलेज असतं, स्टार्च तोडणारं. त्याला पुरती आच लागली नाही तर रात्री दाट असलेलं कस्टर्ड सकाळी दुधासारखं पातळ होऊन बसतं. कॉर्नफ्लॉवरमुळे बलक एवढी आच सोसतो, फुटत नाही. शेवटी व्हॅनिला, गाळून घे, आणि साय धरू नये म्हणून क्लिंग फिल्म थेट पृष्ठभागाला टेकवून लाव.

तरी फुटलंच तर? गुठळ्या दिसायला लागल्या त्या क्षणी गार भांड्यात ओत, दोन चमचे गार दूध घाल आणि हँड ब्लेंडर फिरव. सुरुवातीचं फुटणं सावरतं. ऑम्लेटसारखं झालं असेल तर नाही सावरत.

अंडं न खाणाऱ्या दोघींचं काम सोपं आहे. बर्ड्सची कस्टर्ड पावडर आण, प्रत्येक सुपरमार्केटात मिळते. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. म्हणजे तुझाच प्रश्न, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा. आपल्या वेकफिल्डच्या डब्यातही तेच तत्त्व, कॉर्नफ्लॉवर, रंग आणि वास. यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. इथल्या कित्येक घरांत 'कस्टर्ड' म्हटलं की बर्ड्सच, आणि बलकाचं समोर ठेवलं तर काहींना ते फिकट वाटतं. ५६८ मिलिलिटर म्हणजे एक पाइंट दुधाला दोन मोठे चमचे पावडर पुरते. मी डब्यावर लिहिल्यापेक्षा दोन-तीन मोठे चमचे दूध जास्त घालते, ओतायला बरं.

केकमधलं अंडंही काढता येईल. स्पंजमध्ये हे अवघड गेलं असतं, इथे नाही, कारण हा केक मुळात सोडा ब्रेडचा भाऊबंद. अंडं आणि दूध दोन्ही काढून १३० मिलिलिटर बटरमिल्क घाल, बेकिंग पावडर एक छोटा चमचा आणि पाव चमचा ब्रेड सोडा. ब्रेड सोडा म्हणजे आपला खायचा सोडा, इथल्या पाकिटावर असं नाव असतं. दुकानातलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं. घरचं दही असेल तर अर्धं दही, अर्धं दूध. सोडा आणि आंबट एकत्र आल्यावर वेळ घालवू नकोस, ओव्हन तापलेला हवा. हा केक किंचित ठिसूळ होतो, रंगही कमी येतो, म्हणून वरून दुधाचा हात फिरव.

महाराष्ट्रात कुणी ओटीजीत करणार असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. सांगलीला आईकडे गेले की मी करते. ब्रॅमली मिळत नाही, हिरवं ग्रॅनी स्मिथ घ्यायचं. लाल डेलिशिअस गोड आणि भुसभुशीत असतं. तेच हाताशी असेल तर फोडींवरची साखर निम्मी करून अर्धं लिंबू पिळायचं. मे महिन्यात बटर किसून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग चोळायचं, नाहीतर हातात तूप येतं. ओटीजीत पहिली २५ मिनिटं फक्त खालची कॉइल, मग दोन्ही.

शुक्रवारसाठी: केक गुरुवारी रात्री कर, फ्रिजमध्ये ठेवू नकोस, पूर्ण निवल्यावर परत टिनमध्ये ठेवून स्वच्छ फडक्यात गुंडाळ. फ्रिजमध्ये तो दगड होतो. सकाळी १५० वर दहा मिनिटं ठेवलास तर पुन्हा ताजा होईल. कस्टर्ड मात्र रात्रभर फ्रिजमध्येच, आणि ऑफिसात पोचल्यावरही चहाच्या वेळेपर्यंत फ्रिजमध्ये. मग मायक्रोवेव्हमध्ये वीस-वीस सेकंदांनी ढवळत गरम कर. बिनअंड्याचा केक वेगळ्या डब्यात, त्याला वेगळी सुरी, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. नाहीतर चहाच्या सुट्टीत पहिला हात मारणारा तोच डबा संपवतो आणि त्या दोघी बिस्किटं खात बसतात.